डोळ्यांदेखत चार युनिट

३ फेब्रुवारी, सकाळी ७.२०
आजपासून घरच्या सोलरवर लक्ष ठेवणार. निर्णय पक्का. एकतीस वर्षं गोदामात स्टॉक तपासला. पोत्यातून मूठभर माल गेला तरी मला पोत्याच्या चेहऱ्यावरून कळायचं. तीन महिन्यांपूर्वी मी निवृत्त झालो, माझी नजर नाही.

वस्तुस्थिती अशी. गच्चीवर दहा पॅनेल्स. बारा वर्षांपूर्वी दादाने बसवली. इन्व्हर्टर जिन्याच्या वळणावर. दादा म्हणायचा, रोज अठरा युनिट. दादाला जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून तिकडे कुणी ढुंकून पाहिलेलं नाही. काल संध्याकाळी सहज पाहिलं. चौदा.

उरलेली चार कुठे गेली?

हिला विचारलं. म्हणाली, बारा वर्षं झाली हो त्यांना, तुम्ही तरी बारा वर्षांपूर्वीसारखे जिना चढता का?

मुद्द्याला बगल. नोंद केली.

५ फेब्रुवारी
पॅनेल्स धुतली. म्हणजे हिने आणि वहिनींनी धुतली, मी टाकीच्या सावलीत उभं राहून सूचना केल्या. वहिनी म्हणजे दादाची बायको. खालच्या मजल्यावर राहतात, शाळांचे गणवेश शिवतात. फडकं पिळता पिळता म्हणाल्या, भावजी, सूचना कोरड्या फडक्याने पुसू की ओल्या? दोघी हसल्या. मी हसलो नाही. तपास चालू असताना हसायचं नसतं.

आकडा १४.६. माझ्या देखरेखीचा परिणाम.

६ फेब्रुवारी, सकाळी १०
ठरलं. लांबून लक्ष ठेवून भागणार नाही. जागेवर बसायला हवं. गच्चीवर खुर्ची नेली. थर्मास, वही, पेन, दुर्बीण. ऊन फार म्हणून एक मोठी छत्री आणली, हॉटेलबाहेर टेबलावर लावतात तसली. जागा विचारपूर्वक निवडली. उन्हाकडे पाठ, पॅनेल्सकडे तोंड, अगदी हाताच्या अंतरावर. आता माशी बसली तरी कळेल.

संध्याकाळी ६
आकडा ११.

म्हणजे पाहा. मी बसलो आणि चोर आणखी धीट झाला.

७ फेब्रुवारी
१०.७. साडेदहा ते तीन जागचा हललो नाही. म्हणजे ऊन सरकेल तशी खुर्ची आणि छत्री सरकवली, तेवढंच.

९ फेब्रुवारी
आज शास्त्रीय पद्धत. हिला इन्व्हर्टरपाशी उभं केलं आणि त्या क्षणी किती वॅट वीज बनतेय तो आकडा दर दहा मिनिटांनी ओरडून सांगायला सांगितलं. पहिल्यांदा म्हणाली अकराशे. दुसऱ्यांदा अकराशे वीस. तिसऱ्यांदा म्हणाली, गॅसवर कुकर आहे.

मीच छत्री मिटून (वाऱ्याने उडते) खाली आलो. आणि काय पाहतो, आकडा एकोणीसशे! परत वर जाऊन बसलो, वीस मिनिटांनी पुन्हा तसाच खाली आलो. पुन्हा एकोणीसशे!

याचा अर्थ एकच. चोराला माझी चाहूल लागते. मी वर असलो की तो ओढतो, मी जिन्यात पाऊल टाकलं की सोडतो. माझी पावलं ऐकू येतील असा माणूस जिन्याजवळच हवा.

जिन्याला लागून एकच दार आहे.

हे लिहिताना बरं वाटलं नाही. पण गोदामात मी माझ्या मेव्हण्याचाही डबा तपासायचो.

१० फेब्रुवारी
साडेदहाच्या सुमारास खालून शिलाई मशीनचा आवाज सुरू. मोटरवाली मशीन. तीन वाजता बंद. माझी पहाऱ्याची वेळ आणि ही वेळ तंतोतंत जुळते. याला मी योगायोग म्हणत नाही.

१२ फेब्रुवारी
टेक्निशियनला बोलावलं. सकाळी नऊलाच आला, तेव्हा मी अजून वर बसलोही नव्हतो. सगळं उघडून पाहिलं. म्हणाला, काका, वायरिंग ठीक, इन्व्हर्टर म्हातारा आहे पण तब्येतीने बरा. बारा वर्षांच्या सिस्टिमला चौदा म्हणजे पेढे वाटा.

मी म्हटलं, चौदा नाही, अकरा. आणि हळूच खालच्या मशीनचं सांगितलं. तर हसायलाच लागला. म्हणाला, काका, हा आकडा किती वीज तयार झाली त्याचा आहे. गाईने दूध किती दिलं ते इथे कळतं. ते कोण प्यायलं त्याच्याशी गाईचा काय संबंध?

उदाहरण चांगलं दिलं. चांगली उदाहरणं देणाऱ्या माणसांपासून मी सावध असतो.

जाताना विचारलं, पॅनेल्सवर सावली नाही ना पडत कशाची? जुन्या सिस्टिममध्ये सगळी पॅनेल्स एका माळेत असतात, एकावर सावली आली की आख्खी माळ ढेपाळते. मी म्हटलं, अहो, मी स्वतः रोज साडेचार तास समोर बसतो. माझ्या नजरेतून सावलीसुद्धा सुटत नाही.

नंतर खाली वहिनींकडे चहा प्यायला. वीस मिनिटं. वीस मिनिटं चहा कसला पितात?

१४ फेब्रुवारी
वहिनींशी बोललो. आडून. म्हटलं, तुमची मशीन फार वीज ओढत असेल, नाही? त्या कापड बेतत होत्या. कात्री खाली ठेवली. म्हणाल्या, भावजी, जे विचारायचंय ते सरळ विचारा. मी म्हटलं, छे छे, जनरल चौकशी.

त्यांनी कात्री पुन्हा उचलली.

१५ फेब्रुवारी
वहिनींनी मशीनची मोटर काढून ठेवली. पायाने मारतायत. ही म्हणाली, त्यांचा गुडघा माहीत आहे ना तुम्हाला? मी म्हटलं, मी काढायला सांगितली नव्हती. ही म्हणाली, हो, तुम्ही जनरल चौकशी केली होती.

आकडा १०.२. मोटर काढली तरी १०.२! म्हणजे मोटर नव्हतीच मुळात. दुसरंच काही आहे.

१७ फेब्रुवारी, रात्री ९
चाचणी. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच खालच्या मजल्याचा मेन स्विच बंद ठेवला. आधी सांगितलं असतं तर चाचणीला अर्थ उरला नसता.

आकडा ९.९.

वहिनींचं दूध फ्रिजमध्ये नासलं. हिने आपल्यातलं नेऊन दिलं. जेवताना भाजी अशी वाढली की ताट वाजलं. शेवटी भिंतीकडे बघून म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हा मला चुलीपासून चावीपर्यंत सगळं त्या बाईने दाखवलं. आणि यांना बारावीला शर्ट नव्हता तर दादांच्या शर्टातून कुणी बेतून दिला होता म्हणे?

निळा होता. कॉलर मोठी झाली होती. याचा तपासाशी संबंध नाही.

१९ फेब्रुवारी
वहिनी लेकीकडे जाणार. परवा सकाळच्या बसने. पुतणी गेलं वर्षभर बोलावतेच आहे, त्या टाळत होत्या. ही म्हणते, कायमच्या जातायत. मी म्हटलं, कायमचं कुणी तीन पिशव्यांत जात नाही. ही म्हणाली, मशीन विकायला काढलीय.

माणूस निर्दोष असेल तर जाईल कशाला?

हे वाक्य लिहिलं खरं. तीनदा वाचलं. पहिल्यांदा जास्त पटलं होतं.

२० फेब्रुवारी
वहिनी वर आल्या. हातात दादाची वही. म्हणाल्या, यात सोलरचं आहे, तुम्हाला उपयोगी पडेल. बसल्या नाहीत.

वही वाचली. पहिल्या वर्षी अठरा. मग सतरा, सोळा. शेवटच्या वर्षी रोज चौदा, कधी साडेतेरा. एका पानाच्या कडेला दादाचं अक्षर : चौदावर आलं. वयोमानाप्रमाणे ठीक. धाकट्याला अठराच सांगणे, नाहीतर तो वर चढून बसेल.

विचार करून निष्कर्ष काढला. चोरी दादाच्या काळापासून चालू आहे.

निष्कर्ष खोडला. पुन्हा लिहिला. पेन ठेवतो.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१५
सिद्ध झालं!!

सकाळी वहिनींना बसवर सोडायला गेलो. ही म्हणालीच तशी, निदान पिशव्या तरी उचला. बस दोन तास उशिरा. तिथल्या बाकावर वहिनी, ही आणि मी. वहिनींनी हिला मेतकुटाचा डबा कुठे ठेवलाय, गॅसची नळी कधी बदलायची ते सांगितलं. मला म्हणाल्या, भावजी, गोळी जेवणानंतर, आधी नाही. बस सुटताना खिडकीतून हात केला, तो हिला होता की दोघांना, कळलं नाही. मग बाजार, मग घर. आज पहारा झालाच नाही.

आणि आकडा? १४.२!

वहिनी गेल्या आणि चौदा. दुसरा पुरावा काय हवा? हिला जिन्यातून हाक मारून सांगितलं. तिने दार लावून घेतलं. खरं पचायला वेळ लागतो.

२२ फेब्रुवारी
विजयी मनाने गच्चीवर बसलो. थर्मास, दुर्बीण, सगळा जामानिमा. छान झुळूक होती. खालून मशीनचा आवाज नाही, काही नाही.

आकडा ९.८.

खालचं घर बंद. घरात माझ्याखेरीज एकच व्यक्ती.

२३ फेब्रुवारी, दुपारी १
हिला विचारलं. सरळ. आडून विचारण्याचा परिणाम पाहिलाय.

हिने गॅस बंद केला. मग पदर खोचून गच्चीवर आली. माझा पहारा सुरू झाल्यापासून दुपारची प्रथमच आली, कारण वाळत घालायच्या दोऱ्या मी सोडायला लावल्या होत्या. खुर्ची पाहिली. छत्री पाहिली. छत्रीच्या पलीकडे पाहिलं. कमरेवर हात ठेवले.

म्हणाली, उठा. उठलो.

छत्री मिटा. मिटली.

खाली गेली. जिन्यातून आवाज आला : एकोणीसशे. आता उघडा. उघडली. अकराशे. मिटा. एकोणीसशे. उघडा. अकराशे दहा.

आता मी छत्रीच्या काठावरून सावली कुठवर जाते ते पाहत होतो. दोन पॅनेल्स पूर्ण, तिसरं अर्धं. पडली होती अशी ऐसपैस, जणू तिचं तिथे आरक्षण आहे.

संध्याकाळी
एकाच दिवसाच्या निरीक्षणावरून निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल.

२४ फेब्रुवारी
छत्री माळ्यावर टाकली. आकडा १४.

२५ फेब्रुवारी
१४.१. वहिनींना फोन करायचा ठरवलं. काय बोलायचं ते आधी लिहून काढलं : तांत्रिक दोष आढळला असून तो दूर करण्यात आला आहे, तरी आपण परत येण्यास हरकत नसावी. हिला वाचून दाखवलं. म्हणाली, खाली शिक्का पण मारा.

२६ फेब्रुवारी, सकाळी ११
फोन केला. वहिनींनीच उचलला. मी म्हटलं, वहिनी, तो सोलरचा दोष सापडला. त्या म्हणाल्या, छत्री का?

मग विचारलं, तुम्हाला कधी कळलं? म्हणाल्या, अंगणातून रोज दिसायची की. तुम्ही उन्हाबरोबर सरकायचात, मला वाटलं माझे धाकटे दीर सूर्यफूल झाले. आणि त्या मुलाने चहा पिताना सावलीचं सांगितलंच होतं.

मग सांगितलं का नाही? मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

म्हणाल्या, भावजी, तुम्ही सोलरचं विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही तर माझं विचारत होतात.

लिहून आणलेला कागद हातात होता. त्याची घडी घातली. चुकलं, एवढंच म्हटलं. नीट ऐकू गेलं की नाही माहीत नाही, कारण मागे नात कशासाठी तरी रडत होती. वहिनी म्हणाल्या, बघू, नातीच्या शाळेला सुट्टी लागेपर्यंत तरी इथेच. गोळी घेतलीत का?

घेतली म्हणालो. घेतली नव्हती.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
आकडा १४.३. गेल्या तीन आठवड्यांतला सर्वांत चांगला. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून उत्साहाने जिना उतरून खाली गेलो.

कुलूप होतं.