सही लागणारा फॉर्म

दि. ३ मे

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे, म्हणजे नाहीच. निवृत्त होऊन सात महिने झाले. चौतीस वर्षं बंदरावरच्या क्रेनमध्ये बसून कंटेनर उचलले, आता चहाचा कप उचलतो आणि ठेवतो. घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं, शेजाऱ्यांच्याही झाल्या.

तर मी काइटबोर्डिंग शिकायचं म्हणतोय. हसू नकोस. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, पट्ट्याला भलामोठा पतंग, आणि वारा आपल्याला पाण्यावरून ओढत नेतो. किनाऱ्यावर तीन शाळा आहेत. आठ दिवस तिथेच घिरट्या घालतोय, पण ठरत नाही. पहिलीतला मास्तर तीन दिवसांत पाण्यावर नेतो म्हणाला, वयसुद्धा न विचारता. दुसरीत एका मास्तरामागे सहा शिकाऊ. तिसरी एक बाई चालवतात. त्या म्हणतात, आधी वाळूवर, लहान पतंग घेऊन. किती दिवस ते सांगणार नाही. आणि वारा तर महिनाअखेरपर्यंतच!

पाण्यात उतरायला तिन्हीकडे घरच्या माणसाची सही आणि फोन नंबर लागतो, काही झालं तर कळवायला. तुझ्याशिवाय मला आहे कोण? फॉर्म सोबत आहे.

रागावलीस तरी लोभात काटछाट नको.

तुझा,
भोवरा


दि. ८ मे

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

साठी बुद्धी नाठी म्हणतात, तुझी अठ्ठावन्नालाच पळाली. लहानपणी तुला आंघोळीच्या बादलीपर्यंत ओढत न्यावं लागायचं, आणि आता समुद्र हवा! ‘काही झालं तर कळवायला’ हे वाचलं आणि हातातल्या सदऱ्याला बाही उलटी जोडली. गिऱ्हाईक समोरच उभं होतं. फॉर्म शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांखाली टाकलाय. सही होणार नाही.

चौदा वर्षांपूर्वीचं वादळ विसरलास का? बाकीचे उतरले, आणि तू कर्तव्य म्हणून सहा तास वर केबिनमध्ये बसून राहिलास. पेपरात नाव तुझं आलं, जीव टांगणीला माझा. ते सहा तास मला पुन्हा नकोत. आईच्या माघारी तुला वाढवलं ते यासाठी नाही. स्वस्थ बसवत नसेल तर इकडे ये, माझं कपाट दुरुस्त कर.

माया आहे म्हणून बोलते, तिचा अंत पाहू नकोस.

तुझी,
ताई


दि. १५ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वाळूवर शिकायला सही लागत नाही, म्हणून तिन्ही शाळांत एकेक तास घेऊन पाहिला. पहिल्या दोन्हीकडे माझ्या पकडीचं कौतुक झालं. तिसरीकडे फजिती झाली.

पतंगाची दांडी हातात असते. ती जवळ ओढली की पतंग जोर धरतो, सोडली की शांत होतो. एवढंच शिकायचं. पण वाऱ्याचा झोत आला, बाई सोडा सोडा म्हणून ओरडल्या, आणि मी दांडी आणखी घट्ट छातीशी ओढली. पंधरा पावलं तोंडघशी फरफटत गेलो. असं तीनदा. मग बाईंनी विचारलं, आधी काय काम करायचात? मी सांगितलं. क्रेनवर आमचा पहिला धडाच तो, भार लटकत असताना लिव्हरवरचा हात काढायचा नाही. त्या म्हणाल्या, मग उद्या दिवसभर नुसतं सोडायला शिकू. मी तिथल्या तिथे त्यांची शाळा ठरवली.

का, ते सांगतो. त्या वादळात भार मी कधीच उतरवला होता. ब्रेक लागलेला होता. खालून सगळे उतर म्हणून ओरडत होते. ताई, माझी बोटंच उघडेनात. कर्तव्य वगैरे पेपरवाल्यांनी लिहिलं आणि मी लिहू दिलं. पुढे रोज शिडी चढताना तेच आठवायचं, म्हणून तर दोन वर्षं आधी निवृत्ती घेतली. हे हात एकदा उघडतात का, ते मला बघायचंय. यंदा राहिलं तर पुढच्या वर्षी धीर होणार नाही, मी स्वतःला ओळखतो.

सही कर किंवा नको करू, पण आता तरी मला शूर समजू नकोस. लोभ मात्र असू दे.

तुझा,
भोवरा


दि. २१ मे

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र आल्यावर दोन दिवस दुकान उघडलं नाही. आता माझंही ऐक.

त्या दिवशी खाली आल्यावर तू मला चार वेळा फोन केलास, लागला नाही. मग ओल्या कपड्यांनी दोन बस बदलून दारात येऊन उभा राहिलास. वादळाने लाइन बंद पडली होती, असं मी सांगितलं. लाइन चालू होती. तुझी बातमी येईल म्हणून मी सहा तास रिसीव्हर हातात धरून बसले होते. खाली ठेवला की काहीतरी वाईट होईल असं वाटत होतं. फोन लागणार कसा? चौदा वर्षं लाजेने कुणाला सांगितलं नाही. आता तू मला शहाणी समजू नकोस.

फॉर्म सोबत पाठवते आहे. सही केली आहे. शाळेच्या नावापुढे ‘बाईंची’ एवढंच लिहिलंय, खरं नाव तू भर. तिसऱ्या दिवशी पाण्यावर नेणाऱ्याच्या वाऱ्याला उभा राहू नकोस. गुडघ्यांना बांधायला दोन जाड पट्टे शिवलेत, वाळूत उपयोगी पडतील.

नंबर माझाच दिलाय, तोच जुना फोन. पाण्यात उतरशील तो दिवस आधी कळव. त्या दिवशी मी मशीनवर बसेन आणि रिसीव्हर जागेवर ठेवीन. बाहेर आलास की फोन कर.

जपून राहा, आणि या म्हातारीवर माया राहू दे.

तुझी,
ताई