कशालाच न जोडलेलं चाक

प्रिय दादा,

"तिला सवय झालीय, आता काही वाटत नाही तिला." हे तू म्हणालास तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आत बाबा आईवर ओरडत होते, आई भांडी घासत होती आणि तू बुटांना पॉलिश करता करता मला समजावत होतास. मी विश्वास ठेवला. पस्तीस वर्षं ठेवला. त्याबद्दल आधी स्वतःचा राग येतो, मग तुझा.

मला 'उंदरांची आया' म्हणतोस ना, मग उंदरांचंच ऐक. आमच्या प्रयोगशाळेत शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत दोन उंदीर असतात. दोघांना विजेचा झटका बसतो, सारखाच, एकाच क्षणी. दोघांपुढे एकेक चाक. पहिल्यानं चाक फिरवलं की दोघांचाही झटका थांबतो. दुसऱ्याचं चाक कशालाच जोडलेलं नसतं. काही दिवसांनी तो चाकाकडे बघेनासा होतो, ओरडतही नाही. मी वहीत लिहिलं, 'शांत. सवय झाली.' आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. म्हणाल्या, "सवय कसली गं? अंगातच अफू तयार होतेय त्याच्या."

खरंच होते. सुटका नाही असं कळलं की शरीर स्वतःच अफूसारखं द्रव्य सोडतं. दुखणं बधिर होतं, पण त्याच गुंगीत आजाराशी लढणाऱ्या पेशीही ढिल्या पडतात. अफूचा अंमल अडवणारं औषध आधी टोचलं, तर त्या टिकतात. आणि पहिल्या उंदराच्या पेशी औषधाशिवायच शाबूत असतात. झटके त्यानंही तेवढेच खाल्लेले असतात, दादा!

आई काय उंदीर आहे का, म्हणशील. नाही. उंदराला झटका द्यायचा तर आम्हाला समितीची लेखी परवानगी लागते.

आईला वर्षात दोनदा नागीण झाली. पायाची जखम तीन महिने भरत नाही. डॉक्टर म्हणतात, वय झालं. वहिनी म्हणते, "सोशिक आहेत हो," आणि तेही कौतुकानं. परवा पट्टी बदलताना माझा अंगठा जखमेवर दाबला गेला. आईनं हू की चू केलं नाही. तेवढ्यात बाहेरून बाबा गरजले, "मेलीस का आत?" तिचा चेहरा तसाच राहिला, पाय मात्र माझ्या हातात थरथरायला लागला. उंदरांचं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही, हे मीच सगळ्यांना बजावते. त्या पायाला मात्र मला ते सांगता आलं नाही.

माझ्याकडे चल म्हटलं, तर म्हणते, "यांचं कोण बघेल?" बाबा आता बदलायचे नाहीत. म्हणून एवढंच मागते. आई एकदा आतून कडी लावून बसली होती, तेव्हा बाबांनी ती कडीच काढून टाकली. स्क्रूड्रायव्हर तू आणून दिला होतास. तिच्या खोलीला आतून कडी बसव. हवी तेव्हा तिनं लावावी, हवी तेव्हा काढावी. उगाच घरात वाद नको, म्हणशील. ठाऊक आहे मला. तरी पाकिटात कडी आणि चार स्क्रू ठेवलेत. बसव.

तुझीच,
उंदरांची आया