गुडघ्यांवर हात टेकून

मुनिरका, दिल्ली

तीर्थरूप आईस,
बसल्या जागेवरूनच नमस्कार. वाकता येत नाही, समजून घे.

मी बरी आहे, अभ्यासही चालू आहे. फिजिओथेरपीला रोज जाते. तिथे थरथरणाऱ्या मशीनवर दहा मिनिटं उभं करतात. पाटाएवढंच आहे गं ते. त्यावर असेपर्यंत पाय जागे झाल्यासारखे वाटतात. उतरलं की पुन्हा कुणा दुसऱ्याचे. परवा मेट्रोच्या पायरीवर बसले तर उठताच येईना. दोघी बायकांनी धरून उठवलं. बाबांना सांगू नकोस. त्यांचं बीपी कसं आहे?

तुझा फोन कायम केतकीच्या हातात असतो, म्हणून पत्र. डॉक्टर म्हणाले, हा स्नायूंचा आजार आनुवंशिक आहे, धाकट्या बहिणीलाही असू शकतो. केतकीला काही बोलू नकोस. जेवून उठताना नुसतं बघ, गुडघ्यांवर हात टेकून उठते का. मी तशी उठायचे तेव्हा तू ओरडायचीस, "म्हातारी झालीस का गं?"

आई, हल्ली तिलाही तसं ओरडली आहेस का? नीट आठव.

ओरडली असलीस तर लगेच कळवू नकोस. मला चार दिवस दे.

तुझी,
अश्लेषा