बाळाच्या पायाला हात

३ फेब्रुवारी, मंगळवार
आठ तास उभा. पोटऱ्या दगड झाल्यात. म्युझियममध्ये माझं वाक्य एकच, हात लावू नका. आज एकोणीस वेळा. बहुतेक त्या संगमरवरी शिळेपाशीच. इटलीची, चौदाव्या शतकातली. मेरी, मांडीवर बाळ, उठावात कोरलेलं. बाळाचा उजवा पाय झिजून साबणाच्या वडीसारखा. सुपरवायझर ब्रेंडन म्हणाला, "पिढ्यान्‌पिढ्या लोक हात लावत आले. म्हणून तर तुला ठेवलंय."
प्रोबेशन २७ ला संपतं.

५ फेब्रु., गुरुवार
भिंतीला ओल आली म्हणून शिळा उतरवून खाली फोमवर टेकवली. मी राखणीला. मागे सरकताना बुटाची टाच लागली तिला. वाकून हात लावला, कपाळाला नेला. मग कळलं काय केलं ते. उघडा हात, ग्लोव्ह्ज खिशात. लागला तोही नेमका बाळाच्या पायाला.
चरा नाही. टॉर्च लावून दोनदा पाहिलं. कोणी बघितलं नाही. पण नियम असा की नुसता स्पर्श झाला तरी फॉर्म भरायचा.

६ फेब्रु., शुक्रवार
केतकी कारखान्यातून आली, बूट काढत होती, तेव्हा सांगितलं. आधी खूप हसली. "मेरीला नमस्कार! अरे, तू तर दप्तराला पाय लागला तरी करतोस." मग हसू गेलं. "फॉर्मबिर्म काही भरू नकोस. दोन वर्षं घरात बसून काय झालं होतं तुझं, आठवतंय ना? बी.कॉम. अर्धवट, बायकोच्या व्हिसावर आलेला. दुसरं कोण घेणार आहे तुला?"
खरंच आहे. कणीक मळायला घेतली.

९ फेब्रु., सोमवार
शिळा परत भिंतीवर. ब्रेंडनने विचारलं, "गुरुवारी सगळं ठीक ना?"
"ग्रँड," म्हणालो. म्हणजे सगळं ठीक. या देशात आल्यावर शिकलेला पहिला शब्द.
दिवसभर तोंड कडू.

१० फेब्रु., मंगळवार
सुट्टी. फॉर्म काढला. वेळ, जागा, टाच, लिहिलं. कारण: अ‍ॅक्सिडेंटल. दोन सी, एक डी, डिक्शनरीत तपासलं.
हाताचं कारण? तो चुकून नाही लागला. 'सॉरी' लिहिलं, खोडलं. खाडाखोड चालत नाही, नवा फॉर्म. शेवटी 'हॅबिट'. तपासताना दिसलं, दुसरा अर्थ नन घालतात तो झगा. तसाच ठेवला.
केतकीला बोललो नाही.

११ फेब्रु., बुधवार
ब्रेंडनने उभ्याउभ्या वाचला.
"ग्रँड म्हणाला होतास."
"हो."
"आणि ही हॅबिट कसली?"
सांगितलं. पाय लागला की हात लावून कपाळाला न्यायचा. माफी मागायची.
"कोणाची?"
"ज्याला लागला त्याची."
त्याने हनुवटी खाजवली. "हे वर पाठवावं लागेल मला."
"माहीत आहे."
"स्पेलिंग मात्र एकही चुकलेलं नाही."
उत्तर कधी येईल, बोलला नाही. तोवर ड्यूटी तीच, शिळेपाशी. दुपारी एका म्हाताऱ्या बाईंनी बाळाच्या पायाकडे हात नेला. माझं वाक्य मी म्हटलंच नाही. बोट टेकणार, तेवढ्यात त्यांनीच हात मागे घेतला. "सॉरी, लव्ह." इथे कोणालाही लव्ह म्हणतात.
मला की बाळाला, कळलं नाही. माझ्याकडे बघत नव्हत्या.