हृदय बंद असेल तेवढा वेळ

मी, यशराज हंबीरराव चौगले, वय वर्षे तेवीस, राहणार मुरगूड, तालुका कागल, सध्या मुक्काम कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात खाट क्रमांक नऊ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं, पूर्ण शुद्धीवर लिहितो. उद्या शुद्ध काढून घेणार आहेत, म्हणून आजच. लहानपणीच्या तापानं हृदयाची एक झडप गेली, ती बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "नव्वद मिनिटं हृदय थांबवू, रक्त मशीन फिरवील. तुला काही कळणार नाही." मी विचारलं, "मग ती नव्वद मिनिटं कुणाची?" ते म्हणाले, "भूल देणाऱ्या मॅडमची." हसून पुढच्या खाटेकडं गेले. मला उत्तर पाहिजे होतं. अजून पाहिजे.

१. माझी स्प्लेंडर धाकटी बहीण वर्षाराणी हिला. सकाळी चोक ओढल्याशिवाय सुरू होत नाही. इतकी वर्षं हात लावू दिला नाही, त्याबद्दल तिनं घातलेल्या सगळ्या शिव्या मला मान्य आहेत.

२. बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं. तिथं प्राणवाद शिकवला: जगणं आतल्या जोरानं पुढं सरकतं, खरा काळ घड्याळात मोजता येत नाही, तो जगावा लागतो, आणि तो बुद्धीला नाही, अंतःप्रज्ञेला कळतो. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या वर्षाच्या पेपरात प्रश्न आला, 'काळ म्हणजे काय?' गुण दहा. मी तीन तास तेवढंच लिहिलं. दहापैकी नऊ पडले आणि पेपरात नापास. ऑफिसच्या खिडकीवर भांडलो, ओळखपत्र मोडून आत फेकलं, परत गेलो नाही. ती उत्तरपत्रिका मिळाली तर माझ्या वडिलांना द्यावी. एक गुण कापणाऱ्याला माफी नाही.

३. वडील हंबीरराव हे गुळव्या, गुऱ्हाळात उसाचा रस आटवून गूळ करणारे. काहिलीतला उकळता रस नेमका कधी उतरवायचा, हे त्यांना नुसत्या बुडबुड्यांवरनं कळतं. मला वाटायचं, पुस्तकातली अंतःप्रज्ञा ती हीच, आणि ती माझ्या रक्तातच असणार. गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी त्यांनी पहिल्यांदा काहील माझ्यावर सोडली. त्याच दिवशी अकरा वाजता मला उचगावला जायचं होतं, शांभवीच्या घरी, तिला मागणी घालायला. दहाला वडील म्हणाले, "यश्या, जा की आता. मी बघतो." मी म्हटलं, "आतनं कळल्याबिगर हलणार न्हाय." मी काहिलीपाशी उभा, आतलं काही बोलेना. कळलं तेव्हा रस करपला होता. काळ्या ढेपीकडं बघून वडील एवढंच म्हणाले, "लेका, आतनं कळायच्या आधी चाळीस वर्सं भायेर बघाय लागतं."

त्यांच्याकडं घेण्यासारखं पुष्कळ आहे, माझ्याकडं देण्यासारखं काही नाही. उद्या मी उठलो तर त्यांनी मला चुलीत चिपाडं घालण्यापासून शिकवावं.

४. उचगावला अडीच वाजता पोचलो, अंगाला धुराचा वास. शांभवीचे वडील बसलिंगाप्पा बाहेरच्या सोप्यात बसले होते. म्हणाले, "पावणं, अकराची येळ दिलती." नुसतं चुकलं म्हणायचं होतं. मी व्याख्यान दिलं. घड्याळातली वेळ म्हणजे नुसते काटे, खरी वेळ आतली असते, वगैरे. आवाजही चढवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ती आतली येळ आमची पोरगी दारात हुबी ऱ्हाऊन काढत हुती." त्यांची माफी मागतो. जिवंत राहिलो तरी हे कलम लागू आहे.

५. शांभवी बसलिंगाप्पा शेट्टी, माझ्याच वर्गात होती, एम.ए. झाली. त्या दिवसापासून बोलत नाही. माझ्या तिन्ही वह्या तिला. शिवाय उद्याची ती नव्वद मिनिटं, ज्यांना मालक नाही, तीही तिच्याच नावे. तिनं माझ्यासाठी थांबू नये. थांबली तर

(इथं लिहिणं तुटलं, कारण वर्षाराणीनं फोन केल्यामुळं शांभवी स्वतःच आली. तिनं कागद माझ्या हातातनं घेतला, उभ्यानंच वाचला. पुढचं झालं तसं लिहितो.)

"बंद पडलेली येळ माझ्या नावावर करतोस व्हय रे? चालू हुती तवा कुठं हुतास?"

मी सरकून तिला खाटेवर बसायला जागा केली. ती बसली नाही.

"आणि थांबू नये म्हणून हुकूम सोडणारा तू कोण? ते माझं मी बघीन."

शेजारच्या खाटेवरचे आकाराम मगदूम, तलाठी ऑफिसातनं निवृत्त, मघापासून आमच्याकडं तोंड करून झोपल्याचं सोंग घेत होते. ते उठून बसले. "बाळ, साक्षीदार दोन लागतात. एक मी हाय. दुसरा बघ."

शांभवी म्हणाली, "मी करते सही."

"तुला जमायचं न्हाय, बाई. ज्याला मिळतंय त्यानं साक्षीला ऱ्हाऊ नये, उद्या कुणीबी बोट दावंल. वारस हो, न्हाईतर साक्षीदार."

तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं. पाचव्या कलमावर आडवी रेघ मारली, वह्यांसकट. "वारस व्हायला हा मरावा लागतोय. साक्षीदाराला नुसतं हजर ऱ्हावं लागतं."

६. वरील पाचवे कलम खोडले आहे. खोडाखोड माझ्या संमतीनं. उद्याच्या नव्वद मिनिटांचं काय करायचं, ते मला माहीत नाही. बाकी कलमं कायम.

स्थळ: कोल्हापूर. दिनांक २१ जानेवारी २०२५, मंगळवार.

सही: यशराज हंबीरराव चौगले

साक्षीदार १: आकाराम मगदूम. पोरगं डोक्यानं तापट हाय, पण लिहिलंय ते समजून लिहिलंय.

साक्षीदार २: शांभवी बसलिंगाप्पा शेट्टी. सही माझ्यासमोर झाली. त्या वेळी त्याचा हात मी धरला होता. त्यावरून कुणी दबाव होता असं म्हणू नये.