तिसरी चाबी

बाबा,

आई माझ्याकडे आहे. मोतीबिंदू काढला म्हणून आणली. एरवी ती येती थोडीच. येताना दिग्रसहून तिनं मुरमुरे आणले, फुटाणे आणले, गूळ फोडून डब्यात भरून आणला, आणि पाण्यानं भरलेला एक मोठा कॅन आणला. ऑटोवाल्यानं तो उतरवताना विचारलं, "काहून मावशी, यवतमाळात अजून टंचाई हाये काय?" आई म्हणाली, "नाई रे बाप्पा. पाणी हाये. पर लेकीचं हाये ते." त्याला लगेच समजलं. मान हलवून गेला. लेकीच्या घरचं अन्नपाणी आईबाप घेत नाहीत, हे दिग्रसहून इथवर कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. मलाच ते समजलेलं नाही, आणि तुम्हाला जाऊन दहा-बारा वर्षं झाली तरी त्याचा राग गेलेला नाही. आधीच सांगून ठेवते, कारण माझा राग तुम्हाला ओळखू यायचा नाही. मी चिडले की तुम्हाला वाटायचं पोरगी थकली आहे, आणि तुम्ही म्हणायचात, "जाय, पड जराशी."

आई मागच्या व्हरांड्यात बसते. डॉक्टरांनी वाकू नका, शेगडीपुढं बसू नका म्हणून बजावलं, त्यामुळे तिला स्वतःचं काही करून घेता येत नाही. शेजारीण ताट आणून देते. शेजारणीचं चालतं. भिंतीपलीकडच्या चुलीवरचं वरण चालतं आणि माझ्या गॅसवरचं चालत नाही. मी हातात वाटी घेऊन दारात उभी राहते, आणि काळ्या चष्म्याआडून ती म्हणते, "तुह्या बापानं मरेपर्यंत पाळलं. मी मोडू काय?"

म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. तिला काय बोलणार?

तिसरी चाबी घेऊन मी तुमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आले होते, तो दिवस तुम्हाला आठवत असेल. लोहाऱ्याच्या बाजूला प्लॉट घेऊन, माझ्या कॉलेजच्या पगारावर घर उभं राहिलं होतं, आणि पुढच्या दाराच्या लॅचबरोबर तीन चाब्या आल्या होत्या. एक माझी, एक तुमच्या जवायांची. तिसरी कोणाला द्यायची हे कोणालाच विचारलं नाही. कॉलेजला सुट्टी टाकली, एसटीत बसले आणि आले. तुम्ही गोदामाच्या दारात उभे आहात. भुवयांवर कापसाचे तंतू बसले आहेत, कमरेला गोदामांच्या चाब्यांचा जुडगा. मालक नागपूरला गेले की अख्खं जिनिंग तुमच्या कमरेला असायचं, आणि मला लहानपणी वाटायचं की जगातलं कुठलंही दार तुम्ही उघडू शकता. मी चाबी पुढं केली. तुम्ही ती उजेडात धरली, दात्यांवरून नख फिरवलं. "लॉक चांगलं हाये. पर मले कायले?"

"कधीबी यायले. मी कॉलेजात असली तरी. उघडायचं, पंखा लावायचा अन् पडायचं."

"हट. चोरावानी?"

पण हसलात. आणि जुडग्याची कडी नखानं फाकवून ती चाबी त्यात ओवलीत. परतीच्या गाडीत मला उभ्यानं यावं लागलं, पण मला काहीच जाणवलं नाही. माझ्या घराची चाबी माझ्या बापाच्या कमरेला आहे, एवढंच मनात घोळवत मी घरी पोचले.

वास्तुपूजेपर्यंतच ती तिथं राहिली. पूजा झाली, पंगतीची ताटं मांडली जात होती, आणि तुम्ही सगळ्यांसमोर जुडग्यातून ती काढून माझ्या सासूबाईंच्या हातावर ठेवलीत. "इहीनबाई, हे तुमची. लेकीच्या घराची चाबी बापाच्या कमरेले शोभत नाई."

"इवाई, असा माणूस शोधून भेटत नाई हो," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली. चारचौघं माना डोलवत होती. खानदानी माणूस, खानदानी माणूस. मला कोणी विचारलं नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. मग आत बुंदी वाढत होते तेव्हा तुम्ही समोरच्या मोकळ्या प्लॉटमधल्या कडुलिंबाखाली बसून, आईनं पहाटे बांधून दिलेल्या भाकरी सोडल्यात. आई तुमच्या शेजारी होती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोघांच्या पाठी पाहत होते. माझ्या घरच्या पहिल्या पंगतीला माझे आईबाप रस्त्यापलीकडे जेवले, आणि लोक त्याला मोठेपणा म्हणाले.

तुमच्या त्या मोठेपणाचं पुढं काय झालं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते. सासूबाई गावातल्या जुन्या घरी मोठ्या दिरांकडे राहतात, तिथून ऑटोनं पाच-सात मिनिटं. त्या कधीही येतात. बेल वाजवत नाहीत, कारण चाबी आहे. मी कॉलेजातून येते तर डब्यांच्या जागा बदललेल्या, माझ्या साड्या त्यांच्या पद्धतीनं घड्या घालून ठेवलेल्या, फ्रिजमधलं दही फेकलेलं. "आंबलं होतं," म्हणतात. आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणणार, "आई आहे. तिला काय बाहेर उभं करायचं?" नाही, बाहेर उभं करायचं नाहीच. बाहेर उभं राहायला तुम्ही होतात.

एक दिवस तर मी कधीच विसरणार नाही. दुसऱ्यांदा माझं पोट रिकामं झालं होतं आणि मी दवाखान्यातून परत येऊन पडले होते. केस ओले, अंगावर नुसता गाऊन. लॅच उघडल्याचा आवाज झाला आणि सासूबाई एका अनोळखी बाईला घेऊन थेट माझ्या खोलीत आल्या. ती बाई माझ्या पलंगावर बसली. माझ्या पोटावर हात ठेवून काहीतरी पुटपुटली, मनगटाला काळा दोरा बांधायला लागली. "पड तू, पड," सासूबाई म्हणाल्या, "तुह्याच भल्याचं करून राह्यली ते." तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. तुमचा आवाज. "बाई, हावं काय घरात?" तुम्ही सीताफळांची टोपली घेऊन दिग्रसहून आला होतात. सासूबाई बाहेर गेल्या. "या ना इवाई, आत या, पोरगी आतच हाये."

"नाई, नाई. इथंच बरा हावो. तिले फळं द्या."

मग तुम्ही घराला वळसा घालून माझ्या खिडकीशी आलात. मला तुमचा चेहरा दिसत नव्हता, फक्त गजाला धरलेली बोटं दिसत होती. "बरं हाये काय, माय?" मी म्हटलं, "हाये." ती बाई दोऱ्याला गाठ मारत होती. तिचं नाव मला आजही माहीत नाही. ती माझ्या अंथरुणावर बसली होती आणि माझा बाप खिडकीच्या बाहेर उन्हात उभा होता. तुमच्या जुडग्यात चाबी असती तर ती बाई आत आलीच नसती, असं मी म्हणत नाही. पण तुम्ही आत आला असतात. मला तेवढंच पाहिजे होतं.

पुढच्या दिवाळीत मी दिग्रसला भांडायलाच आले. तुम्ही अंगणात खाटेवर, आई तुळशीशी. मी म्हटलं, पाणी तरी घेत जा माझ्या घरचं, लोकं आता लेकीकडं म्हातारपण काढतात. तुम्ही शांतपणे म्हणालात, "माह्या बापानं नाई पेलं. रीत हाये. लेकीले लेकरू झालं का सुटते."

"बाबा, डॉक्टरनं सांगून टाकलं. मले मूल होत नाई. मंग?"

तुम्ही खाटेची सुतळी बोटानं घट्ट करत बसलात. मग म्हणालात, "मंग नाई, बाई."

आवाज चढवला नाहीत. चढवला असता तर मी भांडून मोकळी झाले असते. किती मऊ आवाजात म्हणालात! इतक्या मऊपणे मला कोणीच वांझ म्हटलं नव्हतं. सासूबाईंनी म्हटलं, नणंदेनं म्हटलं, एका ओटीभरणाला तर मला मागच्या खोलीत बसवलं. ते सगळं मी विसरू शकते. तुमचे ते दोन शब्द माझ्या प्रत्येक स्वयंपाकात उभे राहतात. पोळी फुगते आणि मला वाटतं, ही तुम्ही खाल्ली असती, जर.

तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या तोंडात पाणी घालायला मला पुढं ढकललं. एकुलती एक लेक. तुळशीचं पान, पळीभर पाणी. ते पाणीही तुमच्याच माठातलं होतं, बाबा. ते माझं नव्हतंच.

आता आईचं सांगते. ह्या आठवड्यात एका दुपारी कॉलेज लवकर सुटलं. मी दार उघडलं तर व्हरांड्यातली खाट रिकामी. स्वयंपाकघरात कोणीतरी होतं. मला वाटलं सासूबाईच. डोकावले, तर आई. चष्मा कपाळावर, एक हात ओट्यावर टेकवलेला, आणि माझ्या माठातलं पाणी माझ्याच पेल्यानं पीत होती. घटाघट, डोळे मिटून. मग तिनं चाचपडत डब्याचं झाकण काढलं, सकाळच्या भाकरीचा तुकडा मोडला आणि उभ्याउभ्यानं खाल्ला. नुसताच. ठेचा तिथंच होता, पण तिला दिसला नसावा. मी चपला हातात घेतल्या आणि बाहेर जाऊन पुन्हा आवाज करत आले. तेव्हा ती खाटेवर बसून जास्वंदीच्या कुंडीत कॅनमधलं पाणी ओतत होती. "झाडं सुकून राह्यली तुही," म्हणाली. कॅनमधलं पाणी कमी होत राहिलं म्हणजे लेकीला संशय येणार नाही, असा तिचा हिशेब.

आधी मला फार बरं वाटलं. आणि लगेच तुमचा असा संताप आला की विचारू नका. माझ्या आईला माझ्या घरात चोरून प्यावं लागतं. चोरावानी! तुमचाच शब्द.

मी तिला काही बोलले नाही. सकाळी एक भाकर जास्त करते, ठेचा हाताशी ठेवते, पेला उपडा न घालता सरळ ठेवते. दिग्रसहून आणखी एक कॅन मागवला आहे, जास्वंदीसाठी. आणि दुपारी मी घरी असले की पुढच्या दाराला आतून कडी लावते आणि माझ्या खोलीत झोपल्याचं सोंग करते. इतक्या वर्षांत दिवसा कधी कडी लावली नव्हती. कडी लावली की चाबी नुसती फिरते, दार उघडत नाही.

काल सासूबाई आल्या. चाबी फिरली, पुन्हा फिरली. मग दारावर थाप. "सूनबाई! आतून कडी कायले लावली? माह्याजवळ चाबी हाये ना!" आई स्वयंपाकघरात होती. पेला ठेवल्याचा आवाज मी ऐकला. मी दाराशी जाऊन सासूबाईंना म्हटलं, "आई झोपली आहे, आत्याबाई. जरा थांबा." "थांबू? मी थांबू?" त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या, उन्हात, पदराच्या गाठीशी चाळा करत. तुम्ही जिथं उभे राहायचात, तिथंच. तिथल्या झाडांच्या नळावर तुम्ही आलात की पायावर पाणी घ्यायचात. मग घराकडे पाठ करून तोंड धुवायचात, ओंजळ भरभरून ओठांशी नेत, फार वेळ. काल ते आठवलं आणि पहिल्यांदाच एक शंका आली. ती मी तुम्हाला विचारणार नाही. तुम्ही नाही म्हणाल, तेही तसंच मऊपणे, आणि मला ते ऐकायचं नाही.

हे आईला वाचून दाखवावं असं वाटलं होतं. पण मग मी पाहिलं हे तिला कळेल, आणि ती पुन्हा मुरमुऱ्यांवर येईल. म्हणून हे कुठंच जाणार नाही.

एवढंच सांगायचं राहिलं. काल आई पदराला तोंड पुसून खाटेवर येऊन बसली, तिनं चष्मा लावला, तरी मी दाराशीच उभी होते. कडी काढायला जेवढा वेळ लागतो त्याहून मी बराच जास्त लावला, बाबा. आणि मला बरं वाटलं.