मानेवरची गाठ

दि. ९ मार्च, सकाळ

चिमणे,

आशीर्वाद. इकडे सगळे बरे. धाकटीचा पुढचा दात पडलाय, तेव्हापासून ती तोंड मिटतच नाही, येईल त्याला खिंडार दाखवते. आमचं रस्त्याचं काम बाजारापर्यंत आलंय. डांबराचा वास सुटला की दुकानदार माझ्याकडे बघून नाकं मुरडतात. मुकादम म्हटलं की शिव्या ओघानेच आल्या.

फोनवर तू "बरी आहे" म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहितोय. परवा वहिनीला म्हणालीस, टीबीच्या गोळ्यांना दुसऱ्या गोळ्यांची जोड दिली आणि मानेवर गाठ आली, ताप भरला, म्हणून दोन्ही बंद केल्या. "औषधच जिवावर उठलंय." ते ऐकून मी भरल्या ताटावरून उठलो.

काल दवाखान्यात गेलो. तिथल्या सिस्टरला म्हणालो, "माझ्या ओळखीत एकजण आहे."

"ओळखीत म्हणजे किती ओळखीत?"

"पाठची बहीण."

तिने खुर्ची पुढे सरकवली. नाव विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. गोळ्या, गाठ, ताप, बाकी सगळं मात्र सांगितलं.

तुला आठवतं, टीबीसाठी हातावर टोचलं आणि ती जागा फुगलीच नाही? किती खुशीत बाहेर पडलो आपण! मी तर देवापुढे डोकं टेकलं. सिस्टर म्हणाली, तिथेच फसलात. टीबीला ओळखून बाकीच्या पेशींना कामाला लावणाऱ्या टी पेशी रक्तात असतील तर ती जागा फुगते. त्या फारच कमी उरल्या, तर टीबी असूनही हात सपाट राहतो.

"म्हणजे मुकादमच नाही, मग गँग बसून राहणार," मी म्हणालो.

ती हसली. "तसंच. आता दुसऱ्या गोळ्यांनी मुकादम परत यायला लागलेत. इतके दिवस न दिसलेला टीबी त्यांना दिसला की सगळे एकदम तुटून पडतात. बहुतेक त्याचीच ही सूज."

"मग आवरणार कोण?"

"काही टी पेशींचं कामच 'पुरे' म्हणायचं असतं. नाहीतर जंतूंबरोबर चांगलं फुप्फुसही नासेल. पण त्यांची घडी बसायला वेळ लागतो. तोवर सूज उतरवायला डॉक्टर औषध देऊ शकतात. गाठ दुसऱ्याही कशाची असू शकते, म्हणून त्यांनी बघायलाच हवी. आपल्या मनाने गोळ्या सोडायच्या नाहीत. उद्याच आणा बहिणीला."

मला पटलं. सुट्टीवरून परतलेल्या आमच्या पोरांनी असाच जोर करून एकदा पाण्याचा पाइप फोडला होता. पोरं वाईट नव्हती, त्यांना थांबवणारा जागेवर नव्हता.

दुसऱ्या गोळ्या कशाच्या, ते मी सिस्टरला विचारलं नाही. मला माहीत आहे. तुझ्या मालकांनी त्यांच्या शेवटच्या आजारपणात सांगितलं होतं. "माझ्यामुळे तिला लागलं," म्हणून भिंतीकडे तोंड करून रडले. तू कधी बोलली नाहीस, मीही वाट बघत राहिलो. तो शब्द लिहायला मघापासून हात धजत नाहीये. एचआयव्ही. घे, लिहिला. छप्पर जागेवर आहे.

तू त्या खोलीत एकटी राहतेस ती नुसत्या टीबीपायी नाही, हे मला कळतं गं. वहिनीला मी काही सांगितलेलं नाही. ते तुझं आहे, कधी सांगायचं तूच ठरव. हे पाकीट घेऊन तीच येतेय, पण ती उघडायची नाही. तू निघेपर्यंत मात्र तुझ्या दारातून हलायचीही नाही, तेव्हा वाद घालून दमू नकोस.

देवाकडे रोज तुझ्यासाठी मागतो. आज तुझ्याकडेच मागतोय. तिच्याबरोबर दवाखान्यात ये. मी फाटकाशी उभा आहे. मुलांना काही धोका आहे का, ते तुझ्यासमोरच डॉक्टरांना विचारू, म्हणजे आपल्या घरी न यायला तुला बहाणा उरणार नाही.

सगळं ठाऊक असलेला, तुझाच

दादा